उज्वलाची पेशी

आमच्या घरात देवाच्या नावापेक्षा 'पेशी' हा शब्द जास्त घेतला जातो. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. पुण्या-मुंबईकडची माणसं तारीख म्हणतात, आमच्याकडची जुनी माणसं पेशीच म्हणतात. निजाम गेला, त्याचा शब्द मागं राहिला, आणि माझे सासरे दगडोबा त्या एका शब्दावर आयुष्य काढत आले. पेशी वाढली म्हणजे तारीख पुढं ढकलली. पेशी वर गेली म्हणजे प्रकरण लातूरच्या जिल्हा कोर्टात गेलं, आणि खाली आली म्हणजे परत उदगीरला आलं. हे सगळं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकले. त्यांना चहात साखर किती लागते ते नंतर कळलं.

खटला कशाचा, तर घरामागच्या हौदाचा. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेला दगडी हौद, आणि त्याच्या भोवतीची बैलगाडी वळेल एवढी जागा. वाटणीत तो कोणाचा यावरून सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ रामकिशन तात्या भांडले आणि कोर्टात गेले. दोघांची घरं हौदाच्या दोन बाजूंना, पण बोलचाल बंद. माझा नवरा आदिनाथ वारला तेव्हा वारस म्हणून माझ्या लेकीचं, उज्वलाचं नाव त्या कागदांत लागलं. पोरगी तेव्हा चौथीत होती. इतर पोरींना बापाकडून काय काय मिळतं, हिला पेशी मिळाली.

कोर्टाचा हुकूम 'जैसे थे'. म्हणजे निकाल लागेपर्यंत हौदाला कोणी हात लावायचा नाही. भरायचा नाही, उपसायचा नाही, दुरुस्त करायचा नाही. जो हात लावील त्याची बाजू पडली. सासरे रोज सकाळी हौद जैसे थे आहे का ते बघून येतात, तात्या संध्याकाळी बघून जातात. देवळात इतक्या नेमानं दोघंही गेले नसतील.

पूर्वी त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. पावसाचं पाणी हौदात साठायचं, दिवाळीनंतर आटत जायचं, संक्रांतीला तळाला चिखल आणि शिवरात्रीला नुसत्या भेगा. यंदा मात्र कशाचा कशाला मेळ राहिला नाही. दिवाळीत पाऊस, पौषात पाऊस, शिवरात्रीच्या आधी गारा. थंडी पडली म्हणावी तर गोधडी पेटीतून काढलीच नाही. हौद आटतोय म्हणेपर्यंत परत भरायचा. आमच्या गावची आशाताई दिपाली हातात बॅटरी घेऊन आली, हौदात उजेड टाकून म्हणाली, "काकू, आळ्या झाल्यात बघा. डासाच्या हायत. रिकामा करा हा."

"कोर्टाला सांग," सासरे म्हणाले.

ती पलीकडं तात्यांकडं गेली. तेही म्हणाले, "कोर्टाला सांग." इतक्या वर्षांत दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्यावर.

उज्वला नांदेडला कॉलेजात शिकते, हॉस्टेलला राहते. शिवरात्रीला चार दिवस घरी येऊन गेली. त्या चार दिवसांत दुपारची अंगणात झोपायची आणि पाय खाजवत उठायची. मी म्हटलं, शहरात राहून कातडी नाजूक झाली तुझी. नांदेडला गेल्यावर काही दिवसांनी फोनवर म्हणाली, कणकण आहे गं. परीक्षा जवळ आली की तिला ताप येतोच, लहानपणापासूनचं आहे. मी म्हटलं, जागरण करू नको.

होळी तोंडावर आली होती. आभाळ भरून आलं म्हणून मी कापून ठेवलेल्या ज्वारीवर ताडपत्री ओढत होते. तेवढ्यात सासरे धोतर सावरत बांधावरून पळत आले. त्यांना पळताना मी फारसं बघितलेलं नाही.

"सिंधू, चल! उज्वलाची पेशी खाली आली!"

"कोण म्हणलं?"

"वकिलाकडची बाई बोलली फोनवर. नवी दिसती. म्हणली, उज्वलाच्या पेशी लई खाली आल्यात, वाढवाव्या लागतील, रक्ताचं माणूस घिऊन लगेच या. पुढचं वाऱ्यानं ऐकूच येईना, आन् फोन कट झाला."

"रक्ताचं माणूस म्हणजे?"

"म्हणजे वारसाच्या नात्यातलं! तू आई, मी आजा. लातूरहून खाली आलंय म्हणजे इथं ऐकून घेणार. आन् वाढवू द्यायची न्हाई आता. लई वाढवली."

सगळं जुळत होतं हो. उज्वलाचं नाव होतं, पेशी होती, खाली येणं होतं, वाढवणं होतं, वारसही होता. मला एकाच गोष्टीचं नवल वाटलं, की वकिलाकडं बाई कधीपासून आली. मी उज्वलाला फोन लावला, तो बंद. पेपर चालू असेल म्हणून सोडून दिला. सासऱ्यांनी कोर्टाचा काळा कोट अंगात घातला, कागदांची पिशवी बगलेत मारली आणि आम्ही उदगीरच्या एस.टी.त बसलो. पेशीला जाताना ते वाटेत कोणाशी बोलत नाहीत, मनात जबानी घोळवत असतात. मीही घोळवत होते. जज्जसाहेबांनी विचारलं तर सांगायचं, पोरगी जन्मायच्या आधीपासून चालू आहे, आता ती कॉलेजला आहे.

कोर्टाच्या फाटकाशी त्यांनी फोन बंद केला. एकदा भर कोर्टात त्यांचा फोन वाजला होता आणि साहेबांनी झापलं होतं, तेव्हापासून फाटकाच्या आत ते फोन जिवंत ठेवत नाहीत. आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. पुकारा करणारा नावं घेत होता, आमचं नाव येईना. सासऱ्यांनी दोनदा उठून दाराशी कान लावला. ऊन चढलं, मग ढग आले, मग परत ऊन. मी पदरानं वारा घेत बसले होते आणि मनातून वैतागले होते, की ज्वारीवर ताडपत्री नीट टाकली नाही, दगड ठेवायचा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या वकिलाचे मुनशी, म्हणजे कारकून, संगप्पा डबा घेऊन बाहेर आले. बोलताना अर्धे मराठी, अर्धे कानडी.

"याव पेशी, मालक?" ते म्हणाले. "कोणती पेशी? तुमची फाईल लातुरात हाय. आज काय बी न्हाई तुमचं."

"तुमच्या हापिसातल्या बाईनं फोन केला की."

"आमच्या हापिसात बाई कुठली? मी हाय, आन् एक कपाट हाय."

सासरे माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि चालू केला. चालू झाल्या झाल्या तो टुंग टुंग करत सुटला, थांबेचना. सगळे एकाच नंबरवरून येऊन गेलेले फोन. संगप्पांनी आपल्या फोनवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडं एक मुलगी होती, रडकुंडीला आलेली. "आजोबा, कुठं हायत तुम्ही? सकाळपासून फोन लावून राहिले! मी पुनम, उज्वलाची रूममेट. हॉस्टेलच्या रजिस्टरात तुमचाच नंबर हाय."

"पोरी, पेशीचं काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजून खाली आल्यात! अठरा हजारावर. हिरड्यातून रक्त येतंय तिच्या. डॉक्टर म्हणतात डेंगू हाय, रक्त देणारं माणूस लगेच पाहिजे."

रक्तात पेशी असतात हे मला ठाऊक होतं. मी दहावी पास आहे, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी घोकून घोकून पाठ केल्या होत्या. पण आमच्या घरात पेशी म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढं कोर्टच आलं. माझी लेक नांदेडला रक्त थुंकत होती आणि मी लिंबाखाली बसून ज्वारीवरच्या दगडाची काळजी करत होते. कोणावर ओरडावं तेच मला कळेना. सासरे मात्र अजून तिथंच होते. "अठरा हजार पेशी?" ते संगप्पांना विचारत होते. "एवढ्या कशा लागल्या?"

"मामा, रक्तातल्या पेशी!" मी इतक्या जोरात ओरडले की फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून विनोद बाहेर आला. विनोद म्हणजे रामकिशन तात्यांचा मुलगा, नात्यानं माझा दीर. आमच्या खटल्याच्या कागदांच्या झेरॉक्स आम्ही मुद्दाम लांबच्या दुकानातून काढायचो, त्याच्या दुकानातून नाही.

"वहिनी, काय झालं?" त्यानं विचारलं. लग्नानंतर तो माझ्याशी बोलला ते बहुतेक पहिल्यांदाच.

मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं शटर ओढलं आणि जीप काढली. सासरे जीपच्या दाराशी थांबले. "पलीकडच्या पार्टीच्या गाडीत कसं बसावं?" ते पुटपुटले.

"बसता का इथंच सोडू तुम्हाला, पेशीची वाट बघत?" मी म्हटलं. ते बसले.

अहमदपूरपर्यंत ऊन असं, की जीपच्या पत्र्याला हात लाववेना. लोह्याच्या अलीकडं अंधारून आलं आणि गारा कोसळायला लागल्या. एकाच रस्त्यावर, एकाच दुपारी. विनोदनं गाडी हळू केली तशी मी म्हटलं, थांबू नको. सासरे मागच्या सीटवर स्वतःशीच बोलत होते. "डेंगू भादव्यात असतोय. ही होळी हाय. होळीत डेंगू कसा यील? त्यांनी कागद बदलले असतील. दुसऱ्याच कुणाचा कागद असंल." मला राग यायला हवा होता, पण मीसुद्धा तेच धरून बसले होते. होळीत कसा येईल? दुसऱ्या कोणाचा कागद असेल, दुसरी कोणी उज्वला असेल.

उज्वला तीच होती. दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली, दंडावर लाल ठिपके, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, "आई, तू रागावलीस का?" कशाबद्दल रागावणार होते मी? ताप आला याबद्दल? मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर ताप उतरलेला. मला वाटलं, बरं झालं, वेळेवर आलो.

"ताप उतरल्यावरच खरी काळजी असते," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सुगत, तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आता हेही उलटंच. ताप चढला की काळजी करायची एवढंच आम्हाला ठाऊक.

सासऱ्यांनी कोटाची बाही वर सारून हात पुढं केला. "घ्या रक्त. मी आजा हाय. रक्ताचं माणूस."

नर्स म्हणाली, "आजोबा, तुमच्या वयाचं चालत नाही." आणि डॉक्टर म्हणाले, "नात्यातलं माणूस लागतं असं काही नाही. निरोगी आणि तरुण पाहिजे, गट जुळला की झालं."

माझा गट जुळला नाही, विनोदचा जुळला. त्याला आत नेलं. सासरे काचेतून बघत उभे राहिले. त्याच्या हाताला नळी लावलेली, रक्त यंत्रात जाऊन परत येत होतं आणि वर एका पिशवीत पिवळसर काहीतरी जमा होत होतं. "ह्याच का पेशी?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. ते म्हणाले, "रामकिशनच्या पोराच्या हायत," आणि खुर्चीत बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला विचारलं, "ताप यायच्या आधीच्या आठवड्यात ही कुठं होती?"

"शिवरात्रीला घरी. उदगीरकडं, गावाला."

"घराजवळ साठलेलं पाणी आहे? स्वच्छ, न हलणारं?"

"हाय की," सासरे ताठ होऊन म्हणाले. "दगडी हौद हाय. माझ्या बापानं बांधलेला."

"मग तो आधी रिकामा करा."

"करता येत न्हाई. जैसे थे हाय."

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना समजावून सांगायचं त्राण आमच्या दोघांतही नव्हतं.

मी विचारलं, "पण साहेब, हे दिवस तापाचे नाहीत ना? मग तो डास आमच्या हौदातला होता का?"

"ते मी नाही सांगू शकत," ते म्हणाले. "तुमच्या गावचा असेल, आमच्या नांदेडचा असेल. त्याच्या अंगावर शिक्का नसतो. आणि दिवसांचं म्हणाल तर, थंडीत डास कमी व्हायचे, उन्हाळ्यात डबकी आटायची. आता थंडी धड पडत नाही आणि अवकाळीनं डबकी आटत नाहीत. माझ्या वॉर्डात बाराही महिने भादवाच चालू आहे."

दुसऱ्या दिवशी पेशी अजून खाली गेल्या. विनोदनं त्याच्या एका मित्राला बोलावून घेतलं, त्यानंही दिल्या. मी खाटेशी बसून हौदाचा विचार करत होते. तिला चावला तो डास त्यातलाच का? की कॉलेजच्या कुंडीतला? की बसस्टँडवरच्या टायरमधला? एक उत्तर मिळालं असतं तर निदान कोणाला तरी शिव्या घातल्या असत्या. उत्तर मिळालं नाही, आजपर्यंत मिळालेलं नाही.

मग एका सकाळी डॉक्टर कागद बघत आले आणि म्हणाले, "पेशी वाढल्या."

जन्मभर हे शब्द ऐकून ज्या माणसानं तोंड कडू केलं, ताटावरून उठला, न्यायाधीशापासून कारकुनापर्यंत सगळ्यांची आयमाय उद्धारली, तो माणूस डॉक्टरांचा हात धरून उभा राहिला. "वाढल्या? खरंच वाढल्या? अजून वाढू द्या साहेब, लई वाढू द्या." आणि बाहेर जाऊन दवाखान्यातल्या अनोळखी लोकांना पेढे वाटत सुटला.

उज्वलाला घेऊन घरी आलो त्या दिवशीही पाऊस पडला. हौद अर्ध्यावर आला. दिपालीनं सांगितलं, गावात आणखी दोघी तापानं पडल्यात, त्यातली एक तात्यांची बायको धुरपताबाई. सासऱ्यांनी संगप्पांना फोन केला. अर्ज करावा लागेल, ते म्हणाले, पण पेशी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच.

सासरे उठले. गोठ्यातून पहार घेतली आणि हौदात उतरले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत. मी काठावर उभी होते. ह्याच घरातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या आडावरून पाणी आणायच्या, म्हणून तर तो हौद बांधला होता. भरलेल्या पाण्याला लाथ लावू नये असं मलाही शिकवलेलं. पहिला घाव बसला. हौद काही फुटेना. त्यांनी दहा ठिकाणी मारलं, पाणी उडालं, दगड हलला नाही.

आवाज ऐकून तात्या आले. पलीकडच्या काठावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं, आता फोटो काढतील, साक्षीदार बोलावतील.

"दगड्या," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिला शब्द. "तिथं न्हाई. चिंचंच्या बाजूला मार. तिथं बापानं चुना कमी घातला व्हता."

सासऱ्यांनी चिंचेच्या बाजूला मारलं. चौथ्या-पाचव्या घावाला दगड सुटला आणि पाणी गुरगुरत जमिनीत शिरलं. तळाला चिखल उरला, त्यात बारीक आळ्या वळवळत होत्या, उन्हात हळूहळू थांबल्या. दोघं भाऊ त्यांच्याकडं बघत उभे होते. मग तात्या गेले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी उदगीरला जाऊन तक्रार दिली, की दगडोबानं जैसे थे मोडलं. मी तोंडात बोटच घातलं. सासरे म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. केस केसच्या जागी."

उज्वला अजून अशक्त होती. दर आठवड्याला नांदेडला रक्त तपासायला न्यायचो आणि कागद येईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. अशाच एका दुपारी ती ओसरीवर झोपली होती, मी डाळ निवडत होते. सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"काय झालं मामा?"

"उज्वलाची पेशी खाली आली म्हणतंय," ते कसंबसं म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन उज्वलाच्या उशाशी जाऊन बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला, मग दंड उलटसुलट करून ठिपके शोधायला लागले. ती दचकून जागी झाली.

मी फोन कानाला लावला. मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी संगप्पा, बाई. मालकाला सांगा, प्रकरण लातूरहून खाली आलं. आन् पलीकडच्या पार्टीचा अर्ज बी हाय. म्हणून सुट्टीच्या आदीच, सोमवारी पेशी लागली, आला न्हाई तर हौद जाईल हातातनं."

मी फोन खाली ठेवला. सासरे माझ्या तोंडाकडं बघत होते, उज्वलाचा हात दोन्ही हातांत धरून.

"कोर्टाची आहे, मामा," मी म्हटलं. "कोर्टाची पेशी."

"कोर्टाची?" त्यांनी परत विचारलं. "पक्कं?"

"पक्कं. संगप्पा होते. सोमवारी बोलावलंय, नाही गेलो तर हौद जाईल म्हणतात."

त्यांनी डोळे मिटले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. सोमवारीच उज्वलाला नांदेडला तपासायला न्यायचं होतं.

"मग जाऊ दे," ते म्हणाले.